वखार उभीच होती

इमारती पाडणाऱ्यांच्या घरात दुसरं काही साठत नाही, किस्से मात्र ढिगाने साठतात. दादा, माझा थोरला भाऊ, आमच्या टोळीचा मुकादम. गेल्या महिन्यात गेला. आता तो ढीग माझ्याकडे आलाय. सगळे एकाच वखारीचे!

* * *

वखार चार मजली. आमच्या खाडीवर तिच्याएवढं उंच काहीच नव्हतं. सत्तेचाळीस साली पहिला झेंडा तिच्याच गच्चीवर चढला. यंदा एका भरतीला तांडेलकाकांनी आपलं मालाचं गलबत सरळ तिच्या कोपऱ्यावर घातलं. कोपऱ्यातला खांबच गेला!

वखारीचे मालक शेठ ओरडले, "एवढी मोठी वखार दिसली नाही?"

"दिसली ना! तिच्यावरच नेम धरून तर येतो आम्ही!"

* * *

वखार पडली नाही, म्हणून शेठ खूश. वरचे दोन मजले उतरवा, असं दादा सांगत राहिला. "शेठ, शिमग्यात एक भोई सुटला म्हणून पालखी पडत न्हाय. पण त्याचं वजन बाकीच्यांच्या खांद्यावर येतं."

शेठनी खांबाच्या जागी माडाचा सोट उभा केला, वर चुना फासला आणि म्हणाले, "घे, हा नवा भोई!"

* * *

मग आतल्या काथ्याच्या गठ्ठ्यांना आग लागली. नवा भोई सगळ्यात आधी जळाला!

लोखंडी तुळया तापून लाल झाल्या. लांबल्या, भिंतींना बाहेर ढकलू लागल्या, मधेच झोळीसारख्या लोंबल्या. मी बादली घेऊन आत घुसलो, तर दादाने सदऱ्याला धरून बाहेर फेकलं.

"लोखंड कुठं जळतं?" मी चिडून म्हणालो.

"जळत न्हाय, मऊ पडतं. तुझ्या डोक्यासारखं!"

* * *

सकाळी आग विझली. वखार उभीच! शेठनी नारळ फोडला, पेढे वाटले. दादा एकटाच तोंड पाडून बसलेला. "लोखंड आता निवतंय. निवताना आखडेल, भिंतींना आत ओढेल. कुणी आत जायचं न्हाय."

"अरे, आगीत पडली नाही ती आता काय पडते!" म्हणत शेठनी त्याच्या हातावर पेढा ठेवला.

* * *

दुपारी तांडेलकाका आत शिरले. गलबत नेमकं कुठे लागलं ते बघायला! दादा शिव्या देत मागे धावला आणि त्यांना दारातून बाहेर ढकललं. काका बाहेर पडले. वखार पडली. दादा आतच होता.

काका आता रोज घरी येतात, आईसमोर मान खाली घालून बसतात. आमच्या घरात शिवी दिली की त्या दिवशी जेवण मिळत नसे. तीच आई रोज विचारते, "काय काय म्हणाला तो?" काका लाजत एकेक शिवी सांगतात. काल सगळ्या संपल्या, तेव्हा त्यांनी पदरची एक घातली.

आई लगेच म्हणाली, "ही न्हाय त्याची. तुम्ही मघाचीच परत सांगा."