मुरमाड माळावरचं गवत

काल घोंगडं झटकताना बोटात कुसळ घुसलं आणि मंगळवेढ्याकडच्या आमच्या मुरमाड माळाची गोष्ट आठवली. तिथं वीतभर मुरमाखाली नुसता काळा खडक, झाड तगत नाही. पण कुसळी गवत असं माजतं की आमची सगळी मेंढरं त्याच्यावर जगायची. एक दिवस वनखात्याचे साहेब आले, माळ उभा-आडवा तुडवला आणि कागदावर लिहिलं, 'पडीक, काही उगवत नाही.' आता कुंपण घालून झाडं लावणार म्हणाले. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "सायेब, काय उगवत न्हाय म्हणता, मग तुमच्या इजारीला गुडघ्यापतोर काय चिकटलंय?" ते कुसळं उपटत म्हणाले, "बाबा, फॉर्मात गवताचा रकानाच नाही. संमतीची सही करा." "रकाना न्हाय म्हणून गवत न्हाय व्हय? न्हाय करत!" शाळा फार झाली नाही, पण सही मला येते, आणि त्या कागदावर ती मी केली नाही. तरी कुंपण झालंच. झाडांची मुळं खडकाला टेकली आणि दोन उन्हाळ्यांत सगळी वाळली. आज तारेच्या आत गुडघाभर गवत उभ्या उभ्या सुकतंय, आणि माझी मेंढरं बाहेरून तारेत तोंडं घालतात.