सासूबाईंची विटकरी शेवंती

आमच्या सासूबाईंना शेवंतीबद्दल काही विचारायचं नाही, हे लग्न होऊन मी या घरात आले तेव्हाच नवऱ्याने मला बजावलं होतं. विचारलं की त्या सांगतात, आणि सांगायला लागल्या की गॅसवरचं दूध उतू जातं. मी अर्थातच विचारलं. दूध उतू गेलं.

त्यांनी आयुष्यभर एका कारखान्यात गणवेशांच्या शर्टांना कॉलर लावल्या. बाह्या दुसरी लावायची, खिसे तिसरी, काज-बटणं चौथी. त्या फक्त कॉलर. रस्त्यावर शाळेची पोरं दिसली की त्या मानेकडे बघायच्या, चेहऱ्याकडे नाही. एकदा मी म्हटलं, "आई, तुम्ही केवढे शर्ट शिवले असतील!" तर एकदम उसळल्या. "शर्ट? एकही नाही. आख्खा शर्ट माझ्या हातून कधी झालाच नाही." त्या बोलण्यात गंमत नव्हती, चीड होती, आणि ती निवृत्तीनंतरही गेली नाही.

गच्चीवर त्यांच्याकडे पिवळी शेवंती होती, घरोघरी असते तशीच. एका हिवाळ्यात त्या झाडाची एकच फांदी वेगळी फुलली. पाकळी वरून विटकरी आणि मागून सोनेरी, चहात दूध जरा कमी पडलं की येतो ना, तसला रंग. त्यांना वाटलं रोग पडला. रोपवाटिकेतल्या माणसाला फूल नेऊन दाखवलं, तर तो म्हणाला, "कधीकधी फुटते अशी एखादी फांदी. तेवढीच कापून लावा. जगली तर तुमची." त्यांनी ती फांदी तुकडे करून वाळूत लावली, वरून काचेच्या बरण्या उपड्या घातल्या. बाकीचे तुकडे सडले, एक जगला. 'तुमची' हा शब्द मात्र सगळाच्या सगळा रुजला.

तेव्हापासून गच्चीवर त्यांचं राज्य. शेंडे त्यांनीच खुडायचे, म्हणजे झाड उंच न वाढता भरतं. मावा पडला की साबणाच्या पाण्यात ब्रश बुडवून एकेक पान पुसायचं, आणि तो ब्रश सासऱ्यांच्या दाढीचा असायचा. ते बिचारे म्हणायचे, "मला या घरात कधी इतक्या मायेने कुणी पाणी विचारलं नाही." पाणी घालायची आम्हाला कुणाला परवानगीच नव्हती. मी एकदा घातलं, तर दिवसभर माझ्याशी भांड्यांच्या आवाजात बोलल्या.

पण एक गोष्ट मी चारचौघांत कौतुकाने सांगायचे. फुलं बघून जो कोणी रोप मागेल, त्याला सासूबाई कधी नाही म्हणाल्या नाहीत. बहर सरला की झाडाच्या बुडाशी फुटवे येतात. मुळासकट एक फुटवा काढायचा, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळायचा आणि भल्यामोठ्या सूचनांसह हातात ठेवायचा. पुढच्या वर्षी लोक सांगायचे की आमच्याकडे पिवळीच आली हो. सासूबाई मान हलवायच्या. "तुमचं पाणी जड असणार." नाहीतर, "शेंडे वेळेवर खुडले नसतील." लोक ओशाळायचे. मीसुद्धा ऑफिसात मैत्रिणींना जड पाण्यावर व्याख्यानं दिली आहेत.

एका गोष्टीचं मला नवल वाटायला हवं होतं आणि वाटलं नाही. विटकरी शेवंती एवढी लाडकी, तर गच्चीच्या दुसऱ्या टोकाला त्या साध्या पिवळीच्या एवढ्या कुंड्या कशाला सांभाळायच्या?

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी नणंदेच्या बाळंतपणासाठी आम्ही सगळे तिच्याकडे गेलो होतो. मागे गच्चीच्या भिंतींना रंग द्यायचं काम चालू होतं. रंगाऱ्यांनी विटकरीच्या कुंड्या उचलून कोपऱ्यात नेल्या, आणि त्याच कोपऱ्यातलं पाणी जायचं भोक त्यांच्याच खरवडलेल्या पापुद्र्यांनी बुजलं. आम्ही परत आलो तेव्हा कुंड्या काठापर्यंत पाण्यात उभ्या होत्या. पानं खालून काळी पडत वर आलेली. मूळ बोटात धरलं की साल निघून हातात यायची. पिवळीच्या कुंड्या पलीकडे मजेत होत्या.

सासूबाई रडल्या नाहीत. त्यांनी रंगाऱ्याला फोनवर असं काही झापलं की तो दुसऱ्या दिवशी येऊन न सांगता जिन्यालाही रंग मारून गेला. मग त्या सासऱ्यांवर घसरल्या, मग त्या भोकावर, मग माझ्यावर. मी शांतपणे म्हटलं, "आई, एवढं काय? आख्ख्या गावाला वाटलीये तुम्ही. कुणाकडूनही एक फुटवा आणू."

"नको."

"का?"

"दिलेलं परत मागायचं नसतं."

"परत कुठे? फुटवा तर मागायचाय."

"त्यांच्याकडची पिवळी झालीये."

"सगळ्यांकडची कशी होईल? कुणाचं तरी पाणी हलकं असेलच की!"

त्या उठून आत गेल्या. हे असं थंडी पडेपर्यंत चाललं. रोज सकाळी गच्चीवर जायचं, रिकाम्या कुंड्यांतली माती खुरप्याने वरखाली करायची, खाली यायचं आणि कुणाच्या तरी चुका काढायच्या. भाजीत मीठ जास्त, चादर तिरकी, नातवंडाचा आवाज मोठा. घरात सगळ्यांच्या नाकी नऊ आले. शेवटी एका रविवारी मी स्कूटर काढली, डिकीत एक रिकामी कुंडी टाकली आणि म्हटलं, "बसा. आज शेवंती घेतल्याशिवाय यायचं नाही." त्या का बसल्या ते मला तेव्हा कळलं नाही. बहुधा माझ्यासमोर नाही म्हणायला कारणंच उरली नसावीत.

आधी गेलो त्यांच्या कारखान्यातल्या जुन्या मैत्रिणीकडे, काज-बटणं करायच्या त्या. खिडकीत कुंडी होती. पिवळी. त्या बाई सासूबाईंचा हात धरून म्हणाल्या, "तू एवढ्या प्रेमाने दिलीस गं, पण माझ्या हाताला गुणच नाही. दरवर्षी नवी माती आणते. यंदा तर शेणखतही भावाकडून मागवलं. पिवळी ती पिवळीच." सासूबाई म्हणाल्या, "असू दे गं," आणि चहा अर्धा टाकून उठल्या.

मग निवृत्त पोस्टमास्तर. यांच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती, जिकडे तिकडे पिंपं. "पावसाचं पाणी साठवतो," ते अभिमानाने म्हणाले. "तुम्ही सांगितलं होतंत ना, आमचं पाणी जड आहे म्हणून. शेवंतीला नळाचा थेंब नाही घालत. बादल्या उचलून खांदा धरला, डॉक्टर ओरडतो, पण म्हटलं एक दिवस रंग येणार." आणि मागच्या दारी ढीगभर फुललेली, तजेलदार, पिवळीधमक शेवंती. त्यांनी सासूबाईंची माफी मागितली. खरंच, हात जोडून. "तुमची ठेव राखता आली नाही मला."

रस्त्यावर आलो. मी स्कूटर सुरू केली, तर सासूबाई बसेचनात. सायकल दुरुस्तीच्या दुकानासमोर पदर आवळून उभ्या.

"बसा ना. अजून त्या शिकवणीवाल्या बाई आहेत."

"नको."

माझाही तोल गेला. "आई, मला एक सांगा, इतक्या लोकांना दिलीत, एकाकडे तरी विटकरी कशी नाही?"

"दिलीच नाही तर कुठून असेल!"

त्या एवढ्या जोरात ओरडल्या की दुकानदाराने पंक्चरच्या टबातून मान वर केली. मला आधी अर्थच लागला नाही. मग लागला. फूल नसताना दोन्ही झाडं सारखीच दिसतात. तेच पान, तोच फुटवा. गच्चीच्या दुसऱ्या टोकाच्या कुंड्या कशासाठी होत्या ते आता लख्ख कळलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या म्हाताऱ्याचा खांदा! माझी व्याख्यानं!

"द्यायची नव्हती तर नाही म्हणायचं होतं! तोंड होतं ना?"

"तुला सोपं आहे बोलायला," त्या म्हणाल्या. आवाज खाली आला होता. "माझं असं एकच होतं. ते दारोदार झालं की मग माझं काय उरलं? आणि नाही म्हटलं असतं तर तूच म्हणाली असतीस, काय कंजूष बाई आहे." ते खरंच होतं, मी म्हटलं असतं. म्हणून मला आणखी राग आला.

"म्हणजे संपली. जगात कुठेच नाही."

त्यांनी पदर आणखी आवळला. मग म्हणाल्या, "एकीकडे असेल. तिने चोरलीये."

चोरणारी म्हणजे त्यांची धाकटी जाऊ, आमच्या काकू. गावाच्या दुसऱ्या टोकाला राहतात. काकू एकदा आल्या होत्या, दुपारी गच्चीवर केस वाळवत बसल्या होत्या. संध्याकाळी सासूबाईंना विटकरीच्या कुंडीत माती बोटाने दाबलेली दिसली. एक फुटवा कमी. त्या दिवसापासून बोलणं बंद, आणि कारण कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं कसं असतं? मागितल्यावर आनंदाने देणाऱ्या बाईकडून चोरतं कोण? आम्ही सगळे समजत होतो की भांडण आजेसासऱ्यांच्या शिसवी कपाटावरून आहे. सासऱ्यांनी भावाशी वाकडं नको म्हणून ते कपाट टेम्पोत घालून काकूंकडे पाठवूनही दिलं होतं. मी रस्त्यातच हसायला लागले. सासूबाईंना हसू आलं नाही.

काकूंच्या गल्लीत वळलो आणि मी ब्रेक लावला. पहिल्याच घराच्या पायरीवर विटकरी शेवंती. पुढच्या घराच्या खिडकीत विटकरी. समोर गॅलरीत तेलाच्या डब्यांत ओळीने विटकरी. शिंप्याच्या टपरीपाशी फुटक्या बादलीत, फुलांनी झाकून गेलेली. सासूबाई उतरून, डिकीतली कुंडी काखेत मारून चालायला लागल्या. प्रत्येक कुंडीपाशी थांबून फूल उलटं करून बघत होत्या, मागून सोनेरी आहे का. होतं. प्रत्येकाचं होतं.

पायरी झाडणारी एक बाई कौतुकाने म्हणाली, "आवडली? काकूंची शेवंती आहे ती. तुम्हालाही हवी तर मागा की. त्या कुणालाही देतात."

"काकूंची?" सासूबाई म्हणाल्या.

"हो, त्या कोपऱ्यावरच्या घरातल्या. आमच्याकडे तसंच म्हणतात तिला."

सासूबाईंचा चेहरा असा झाला होता की मी कुंडी माझ्याकडे घेतली. मला वाटलं आता त्या परत फिरणार. मलाही, खरं सांगते, त्यांच्या वतीने राग आला. खोटेपणा केला होता हे मान्य, पण एवढी शिक्षा? त्या मात्र तरातरा चालत गेल्या आणि दार वाजवलं.

काकूंनी दार उघडलं. पिठाचे हात, डोळ्यांवर चष्मा. "वहिनी!" म्हणाल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. मग घाईघाईने, जणू पुन्हा संधी मिळणार नाही अशा, बोलायला लागल्या. "मी न विचारता काढून आणली, वहिनी. तुम्ही दिली असतीत, मला माहीत आहे. पण सगळे म्हणायचे, तुम्ही दिलेली पिवळी होते. मला वाटलं देण्याघेण्यातच काहीतरी होत असेल. म्हटलं गुपचूप आपणच काढावी, झाडाला कळायच्या आत. मग तुम्ही बोलेनाशा झालात तेव्हा समजले. कितीदा वाटलं यावं. धीर झाला नाही."

"आणि गल्लीभर वाटलीस."

"माझ्याकडे मरून बिरून गेली तर तुम्हाला काय तोंड दाखवणार? म्हणून ज्याला त्याला दिली. कुठेतरी राहील."

"माझी होती ती," सासूबाई म्हणाल्या. भांडायलाच आल्या होत्या, पण आवाज भांडणाचा निघाला नाही.

"तुमचीच आहे की! मी सगळ्यांना सांगते, आमच्या वहिनींनी तयार केलीये. आता लोक आपले जवळचं नाव घेतात, त्याला काय करणार? किती हव्यात? थांबा."

आमची कुंडी माझ्या हातातून घेऊन त्या मागच्या दारी गेल्या. तिथे एका लाकडी पेटीत नुसते फुटवेच लावलेले होते, फूल एकावरही नाही, सगळे एकसारखे हिरवे. काकूंनी त्यातला चांगला दणकट बघून मुळाच्या मातीसकट उचलला, कुंडीत बसवला, अंगठ्याने भोवतीची माती दाबली आणि कुंडी सासूबाईंच्या हातात दिली. सासूबाईंनी ती घेतली. पानं निरखली. फुटवा जरासा हलवून बघितला. मग पुन्हा पानं निरखली.

"हीच ना?" त्यांनी विचारलं. "नक्की विटकरीच ना?"

काकू गोंधळून त्यांच्याकडे बघत राहिल्या. "म्हणजे काय वहिनी? तुम्हाला मी दुसरी कशाला देईन?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग त्या कुंडीकडे बघत म्हणाल्या, "मी दुसरीच दिली असती."