साळवे सरांचा रे

साळवे सरांच्या खिशात पेनाशेजारी एक नादकाटा असे, शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसलाच. बोलता बोलता ते तो गुडघ्यावर आपटत, कानाशी धरत आणि म्हणत, "हं. जग अजून सुरात आहे. चला."

नोकरी बडोद्याच्या रेल्वे कचेरीत. संध्याकाळी चर्चच्या गायकवृंदाची तालीम. एका वर्षी गायला बायका कमी पडल्या म्हणून त्यांनी आमच्या शाळेतून चार मुली मागितल्या. मी नववीत होते. हजेरी देतानाही माझा आवाज फुटत नसे. आई म्हणाली, "देवाचंच आहे ना? मग जा."

ईस्टरसाठी सरांनी स्वतः एक मराठी स्तोत्र रचलं होतं. त्याला गुणगुणता येईल अशी चालच नव्हती. पुरुष तंबोऱ्यासारखा एकच सा धरून ठेवत. बायका त्यावरून हळूहळू चढत वरच्या सा वर थांबत आणि आम्ही चौघी त्याला खेटून असलेल्या रे वर. दोन सूर एकमेकांवर घासत. शेवटी सगळे गप्प होत, रे एकटा उरे आणि मग सा वर येई. "उतरायची घाई करायची नाही," सर बजावत.

कान बिचकू नयेत म्हणून त्यांनी दोन्ही गट वेगवेगळ्या दिवशी शिकवले. एकत्र उभं केल्यावर बाकीच्या तिघी लगेच बायकांच्या सा वर घसरल्या. मी राहिले. धीट होते म्हणून नव्हे; चारचौघांत मिसळायला मला कधी जमलंच नव्हतं.

चर्चच्या कमिटीतले परमारकाका तालमीला येऊन बसत. हे ऐकून ते उठलेच. "साळवेभाई, आ तो बेसूर छे! रे काढी नाखो, नहीं तो जूनुं गीत गाओ."

"काका, येशू उठला तेव्हा थडग्यावरचा दगड सरकताना घासला नसेल? तेच आहे हे."

"शनिवारे जोईशुं," काकांनी निकाल शनिवारवर ढकलला. शनिवारची तालीम शेवटची होती.

सर माझ्याजवळ आले. "बेटा, त्या तिघी गेल्या तरी तू जाऊ नकोस."

"एकटी, सर?"

"तो सूर एकटाच आहे."

शनिवारी तिघी पुन्हा घसरल्या. मी सरांच्या हातातल्या नादकाट्याकडे बघत राहिले. सगळे थांबले. रिकाम्या चर्चमध्ये माझाच आवाज मला ऐकू आला, आणि मग मी सा वर आले. परमारकाका बराच वेळ चष्मा पुसत होते. "दगड संभळायो," एवढंच म्हणाले. दगड ऐकू आला.

रविवारी स्तोत्र रे सकट झालं.

मी कॉलेजात असताना सर तरसालीच्या घरी वारले. चर्चमध्ये तेच स्तोत्र गायचं ठरलं. त्या तिघी केव्हाच बडोद्याबाहेर गेल्या होत्या. सूर द्यायला कुणी नव्हतं, तेव्हा परमारकाकांनी सरांच्या घरून आणलेला त्यांचा नादकाटा काढला आणि स्वतःच्या गुडघ्यावर आपटला.

बाकीचे थांबले. रे माझ्याकडे राहिला. उतरायची घाई मी केली नाही.