साळिंदराला जागा

त्या वर्षी माझ्या वर्गात छप्पन्न मुलं होती आणि मी कायम दमलेली असायची. पहाटे उठून पाणी भरायचं, सकाळची शाळा करायची, आणि शाळा सुटली की मतदारयाद्यांचे कागद घेऊन उन्हात घरोघर फिरायचं. ऐंशी साल नुकतंच मागे पडलं होतं. आमची शाळा नाशिकच्या कडेला होती, नव्या कॉलन्या उठत होत्या त्या बाजूला.

शाळेत चित्रांच्या पुस्तकांचं एक खोकं आलं होतं. हेडसरांनी ते कपाटात कुलूपबंद करून ठेवलं होतं. "मुलं फाडतील हो बाई," म्हणायचे. मी चौथ्यांदा मागितलं तेव्हा वैतागून त्यांनी एक पुस्तक काढून दिलं.

त्यात एका साळिंदराची गोष्ट होती. कडाक्याच्या थंडीत ते प्राण्यांच्या गुहेशी येतं आणि आत जागा मागतं. ससा म्हणतो, तू टोचशील. माकडही तेच म्हणतं. शेवटी कासव म्हणतं, माझी पाठ टणक आहे, माझ्याशेजारी ये. मुलांना ही गोष्ट फार आवडली. साळिंदर दाराशी आलं की सगळा वर्ग एका सुरात ओरडायचा, "जागा द्या! जागा द्या!"

दिवाळीनंतर वर्गात एक नवी मुलगी आली. आईबाप सुरगाण्याकडून बांधकामाच्या कामाला आलेले. अंगावर मोठ्या माणसाचा सदरा, बाह्या दुमडलेल्या. गोष्ट नुकतीच वाचून झाली होती. मुलं जमिनीवर अंथरलेल्या तागाच्या लांब पट्ट्यांवर बसायची. मी तिला म्हटलं, "जा, त्या पट्टीवर बस." पट्टीवरच्या मुलीने चटकन आपलं दप्तर मधे ठेवलं.

"बाई, इथं माझी मैत्रीण बसते."

पुढच्या पट्टीवरही तेच झालं. मग ती मुलगी दाराजवळ उघड्या फरशीवर जाऊन बसली.

रागावून मी जागा करायला लावू शकले असते. पण अशी मिळालेली जागा कशी असते ते मला ठाऊक होतं. मी बौद्ध वस्तीतून येते हे आडनावावरून पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना कळलं होतं. शेजारच्या वर्गाच्या बाई मधल्या सुट्टीत माझ्या बाजूलाच डबा उघडायच्या, गोड बोलायच्या, पण मी भाजी पुढे केली की त्यांचा उपवास असायचा. एकदा त्या माझी गोष्ट दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या.

"किती छान सांगता हो! मुलांवर असेच संस्कार व्हायला हवेत," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी सुट्टीत मी डबा पुढे केला. "घ्या ना, मेथी आहे."

"आज नको, गुरुवार आहे."

"बाई, आज मंगळवार आहे."

त्यांचा चेहरा उतरला. "सासूबाईंचं फार असतं हो," म्हणाल्या आणि खाली बघून पोळी मोडत राहिल्या. त्यांची पोळी अर्धी खाऊन झालेली होती. मला राग आला नाही. नुसता थकवा आला.

आठ दिवस ती मुलगी फरशीवर बसली. मी बसू दिलं, याची लाज आजही वाटते. नवव्या दिवशी मी पुन्हा पुस्तक उघडलं, तशी ती उभी राहिली. चित्राकडे बोट दाखवून म्हणाली, "आमचे रानात आहा."

"आहा! आहा!" वर्ग हसून हसून लोळला. मी टेबलावर फूटपट्टी आपटली. ती मात्र हसणं थांबेपर्यंत शांत उभी राहिली आणि मग, मुलांना कळेल असं हळूहळू, सांगू लागली. चित्र चुकलंय. साळिंदर काही सतत काटे उभारत नाही. घाबरलं तरच उभारतं. एरवी पाठीवर निजवून ठेवतं.

दुसऱ्या दिवशी तिने सदऱ्याच्या खिशातून दोन काटे आणले. वीतभर लांब, काळेपांढरे. दप्तर मधे ठेवणारी तीच मुलगी सगळ्यांच्या आधी सरकली. "इथं बस ना. मला दाखव."

सरकली ती काट्यांसाठी, दयेपोटी नव्हे. पण पट्टीवर जागा झाली, आणि काटे बघून झाल्यावरही ती राहिली. दोघी एका पाटीवर चित्रं काढू लागल्या. मला तेवढं पुष्कळ झालं.

होळीच्या आधी ती यायची बंद झाली. मी रोज हजेरीत तिच्या नावापुढे गैरहजर लिहीत राहिले. शेवटी शाळा सुटल्यावर बांधकामावर जाऊन आले. स्लॅब ओतून झाला होता आणि मुकादमाने सगळ्यांना मोकळं केलं होतं.

शेजारी बसणाऱ्या मुलीने विचारलं, "बाई, ती कधी येणार?"

"त्यांचं काम संपलं गं. गावी गेली."

"तिचं गाव कोणतं?"

मी भिंतीवरच्या जिल्ह्याच्या नकाशापाशी गेले. सुरगाणा दाखवला. त्याभोवती नुसता डोंगरांचा तपकिरी रंग होता, पाड्यांची नावं नव्हती. मुलगी माझ्याकडे बघत वाट पाहत राहिली. चार महिने ती माझ्या वर्गात होती आणि मी तिला एकदाही तिच्या गावाचं नाव विचारलं नव्हतं.