जून मटणाची आळणी

माझं माहेर सटाण्याकडचं. तिकडे मटण म्हणजे बोकडाचं, आणि ते कुकरमध्ये शिट्ट्या काढून शिजवायचं. लग्न होऊन नाशिकला आले तेव्हा कळलं की सासरी बोकड चालतच नाही. घराण्याला बोल्हाई देवीचा कुळाचार, त्यामुळे फक्त मेंढीचं मटण. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. घरात माझा नवरा, तो ओझरच्या कारखान्यात कामाला, आणि माझे सासरे. त्यांना सगळे आबा म्हणतात. मनमाडला रेल्वेत सगळी नोकरी करून ते निवृत्त झाले आणि माझ्या लग्नाआधीच मुलाकडे राहायला आले होते.

पहिल्याच रविवारी आबांनी मटण आणलं. मान, नळ्या, छातीचे तुकडे, सगळं चांगल्या जून मेंढीचं. मी माहेरच्या सवयीनं कुकर लावला. रस्सा झणझणीत झाला, पण मटण इतकं चिवट की नवऱ्यानं एक तुकडा चावून चावून शेवटी ताटाच्या कडेला ठेवला. आबांनी भाकरी रश्श्यात कुस्करली, जेवले आणि उठताना म्हणाले, ‘‘रस्सा चांगला झालाय, सूनबाई.’’

पुढच्या रविवारी ते सकाळीच ओट्यापाशी येऊन उभे राहिले. ‘‘आज मी करतो. तू बस जरा.’’

सासरे स्वयंपाक करताहेत आणि सून बसली आहे, हे मला फार अवघड वाटलं. मी दारात उभी राहून बघत राहिले. त्यांनी जाड बुडाचं पातेलं घेतलं. थोड्या तेलात कांदा परतला, आलं-लसणाचं वाटण, हळद, मीठ घातलं आणि मटण टाकलं. पाण्याचा थेंबही नाही. पातेल्यावर खोलगट ताट ठेवून त्या ताटात पाणी ओतलं आणि गॅस अगदी बारीक केला. मटणाला आतून स्वतःचं पाणी सुटलं, ते आटत आलं की आबा ताटातलं तापलेलं पाणी आत ओतायचे आणि ताट पुन्हा भरायचे. मधल्या वेळात स्टुलावर बसून पेपर वाचायचे. पेपर संपला तरी उठले नाहीत.

‘‘गार पाणी घातलं की आकसतं ते,’’ एवढंच एकदा म्हणाले.

दुपारी हाडापासून मटण सुटलं होतं. मसाला घालण्याआधीचा तो पिवळा, पातळ रस, म्हणजे आळणी, त्यांनी वाटीत काढून मला आधी दिला. मग भाजलेला कांदा, खोबरं आणि काळा मसाला घालून रस्सा केला. मी पोटभर जेवले. खाटकाकडे बाकीची गिऱ्हाइकं कोवळं मागतात आणि हे जून का मागतात, ते मी विचारलं. ‘‘सवय,’’ आबा म्हणाले.

त्यानंतर दोनेक वर्षांनी मला दिवस गेले, आणि पाचव्या महिन्यात बाळ गेलं. यात कुणाचीच चूक नाही, असं डॉक्टरीणबाई पुन्हा पुन्हा सांगत होत्या. आई येऊन राहिली, तिनं न्हाऊ-माखू घातलं, मग तिलाही घरी परतावं लागलं. नवऱ्याची रजा संपली. मी शाळेत शिकवत होते, पण अजून रुजू झाले नव्हते. दिवसभर घरात मी आणि आबा. मला अन्न जात नव्हतं. वरण-भाताचे चार घास खाऊन मी ताट सारायची. आबा काही बोलायचे नाहीत. मला वाटायचं, त्यांना हे कळतच नसावं.

एक दिवस, रविवार नसताना, ते सकाळी पिशवी घेऊन बाहेर पडले. तासाभरानं स्वयंपाकघरात भांड्यांचे आवाज झाले, कांदा परतल्याचा वास आला. मी पडूनच होते. मग त्यांनी हाक मारली, ‘‘पोरी, जरा ये गं. ताटातल्या पाण्यावर नजर ठेव. माझा डोळा लागतो.’’

त्यांचा डोळा काही लागत नव्हता. मी जाऊन स्टुलावर बसले तर ते खाली भिंतीला टेकून बसले, चांगले जागे. मग बोलायला लागले.

‘‘तुझ्या सासूचं पण असंच झालं होतं. पहिल्या वेळेला. आम्ही मनमाडला क्वार्टरमधी होतो. मी ड्युटीवर. परत आलो तर सगळं होऊन गेलेलं. ती भिंतीकडं तोंड करून पडायची. जेवायची नाय. मला काय बोलावं ते सुचंना.’’

मी पाण्याकडे बघत राहिले.

‘‘शेजारच्या क्वार्टरमधी वहिनी होत्या. त्यांचा नवरा आणि मी एकाच खात्यात. बौद्ध माणसं. आमच्यात बोकड चालत नाय, हे वहिनींना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी गावभर शोधून मेंढीचं मिळवलं. मिळालं ते असलं जून. म्हणून मग चुलीवर दिवसभर शिजवत बसल्या. मला म्हणल्या, भाऊजी, असे दारात उभे राहू नका, इथं बसा, पाणी बघा. तिला भूक लागंल तवा तयार पायजे.’’

‘‘मग सासूबाई जेवल्या?’’

‘‘संध्याकाळी वाटीभर आळणी प्यायली. त्यांच्याच हातनं. माझ्या आईला ते पटलं नाय. त्यांच्या घरचं कशाला खाल्लं म्हणून लय बोलली. मी तिला सांगितलं, तू आली नाहीस, त्या आल्या.’’

ताटातल्या पाण्याला वाफ धरली होती. मी उठून ते पातेल्यात ओतलं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते त्यांना दिसलं, पण त्यांनी उगी-उगी केलं नाही. संध्याकाळी मी आळणी प्याले. मग एक तुकडा भाकरीशी खाल्ला. दुसऱ्या दिवशी उरलेलं पुन्हा गरम करून खाल्लं. बरं वाटायला पुढे पुष्कळ दिवस लागले, पण खायला मी त्या संध्याकाळी लागले.

नंतर मुलगी झाली. आता ती कॉलेजात आहे. आबांचे दात गेले, कवळी त्यांना बसत नाही, त्यामुळे रविवारी पातेल्यापाशी मी बसते आणि त्यांना जिभेनं मोडता येईल इतकं शिजवते.

गेल्या हिवाळ्यात मीच आबांना म्हटलं, ‘‘मनमाडच्या त्या वहिनी आहेत का हो अजून?’’ त्यांनी जुन्या ओळखीत फोन लावले. वहिनी होत्या, मुलाकडे, मनमाडलाच. शनिवारी मी मटण केलं, रविवारी सकाळी गरम करून मोठ्या डब्यात भरलं, बाजरीच्या भाकरी फडक्यात बांधल्या आणि आम्ही सगळे गाडीनं निघालो.

वहिनी अंगणात उन्हात बसल्या होत्या. आबांपेक्षाही थकलेल्या, पण नजर स्वच्छ. आबांनी काठी बाजूला ठेवून त्यांच्या पायांना हात लावला.

‘‘अहो भाऊजी, हे काय!’’ त्या दचकल्या. ‘‘म्हातारपणी पडाल ना.’’

मी डबा उघडला. कशासाठी आलोय ते सांगितलं. सासूबाईंचं सांगितलं, माझंही सांगितलं. त्या कपाळाला आठ्या घालून ऐकत होत्या. मग मान हलवली.

‘‘मला नाय बाई आठवत. केलं आसंल. ते तर समदेच करायचे तवा.’’ आणि एकदम उजळून म्हणाल्या, ‘‘पण तुझी सासू लय गुणाची होती. माझ्या धाकट्याच्या वक्ताला मी दवाखान्यात होते, तर माझी दोन्ही पोरं तिनंच सांभाळली. येणीफणी करून शाळेत धाडायची.’’

आबा म्हणाले, ‘‘हे तर मला माहीतच नाय.’’

‘‘तुमी ड्युटीवर,’’ वहिनी म्हणाल्या, आणि आम्ही सगळेच हसलो. आबाही.

त्यांच्या सुनेनं ताटं मांडली. वहिनींनाही दात नव्हते. माझ्या मुलीनं त्यांच्या ताटात भाकरी कुस्करून दिली, वर रस्सा ओतला. त्यांनी बोटांनी मटणाचा तुकडा दाबून पाहिला, तो मोडला, आणि त्या जेवू लागल्या. थोड्या वेळानं वाटी पुढे केली.

‘‘अजून घाल,’’ मला म्हणाल्या. ‘‘नळी असंल तर नळी दे.’’

मी नळी शोधून त्यांच्या वाटीत घातली.