माय जेवते की नाही, याचा शोध

मला प्रत्येक गोष्टीत नाक खुपसायची खोड आहे. शाळेत विज्ञान शिकवते म्हणून तिथे ती खपून जाते, घरात खपत नाही. पण माय जेवते की नाही, हे मात्र मी पन्नाशी उलटेपर्यंत कधी तपासलं नव्हतं.

मी गोंदियात राहते. वडील गेल्यापासून माय अर्जुनी मोरगावजवळच्या आमच्या गावात एकटी. रोज संध्याकाळी माझा फोन जायचा.

"जेवली का माय?"

"जेवली ना."

"काय खाल्लं?"

"वरण, भात, वांग्याची भाजी."

वांग्याचे दिवस असोत नसोत, भाजी वांग्याचीच. तरी मला त्यात काही खटकलं नाही. मग एक दिवस शेजारच्या काकींचा फोन आला. "बाई, तुझी माय चूल पेटवून बसली होती, चुलीवर काईच नाई. मी गेली तं मलेच विचारून राहिली, तू कोनाची होय म्हनून." या दोघी चाळीस वर्षांच्या शेजारणी.

शनिवारी गावी गेले. मायनं मला ओळखलं, पण रेल्वेनं आली का बसनं, हे तीनदा विचारलं. अंगावरची चोळी सैल झाली होती. घरात मात्र पिंपभर तांदूळ, डब्यात डाळ, कशाची ददात नव्हती. मला शंका आली. निघताना पिंपाच्या आत, तांदळाच्या पातळीला, मी खडूनं बारीक रेघ मारून ठेवली. पुढच्या शनिवारी झाकण काढलं, तर तांदूळ जेमतेम बोटभर खाली उतरला होता. आठवडाभर मी फोनवर वरण-भात ऐकत होते आणि काकी सांगत होत्या की मोरीत रोज खरकटं ताट दिसतं. तो आठवडा प्रयोगात घालवायला नको होता, हे आता कळतं. तेव्हा मला छडा लावायचा होता.

त्या दुपारी मी मागच्या दाराआड उभी राहिले. मायनं मूठभर तांदूळ शिजवले आणि त्याची पातळ पेज वाटीभर प्यायली. तळाशी उरलेल्या पेजेत चार बोटं बुडवून ती रिकाम्या ताटाला फासली, दोन शितं कडेला चिकटवली आणि ताट मोरीत नेऊन ठेवलं. घरात दुसरं कुणी नव्हतं. मी तिला दिसलेही नव्हते.

"माय, हे काय करून राहिली?"

"काय करून राहिली म्हंजे? जेवली मी."

"खोटं नको बोलू. मी पाह्यलं."

"तू काऊन चोरावानी पाहून राहिली?" ती माझ्यावरच उखडली.

उलगडा काकींनी केला. माझ्या लहानपणी दर भादव्यात जुना तांदूळ सरायचा, नवा धान शेतात उभा असायचा. "तवा आमच्या ओळीतल्या साऱ्याच बाया ताट माखत," त्या अगदी सहज म्हणाल्या. "बाई जेवली असं घरच्यायले दिसलं पायजे ना. नाई तं लेकरायच्या घशाखाली घास उतरत नव्हता."

ती ताटं घासायला माझ्याकडेच असायची. दहा-बारा वर्षांची मी, राखेनं ताटं चकचकीत करायची आणि मायवर मोठे उपकार केल्याच्या थाटात मिरवायची. तिच्या वाट्याचा भात माझ्या पोटात गेलेला असायचा. मला लाज वाटली. रागही आला, आणि तो तिचाच आला. एकदा तरी सांगायचं होतंस.

राग ओसरल्यावर प्रश्नांनी डोकं खाल्लं. ही पोटात अन्न नाही म्हणून विसरायला लागली, की विसरते म्हणून उपाशी राहते? आणि जी बाई चाळीस वर्षांची शेजारीण विसरली, ती ताट माखायचं कसं विसरली नाही? भरलेल्या पिंपाशेजारी बसून तिच्या डोक्यात अजून भादवाच चालू होता का?

गोंदियातल्या डॉक्टरांपुढे मी हे सगळं ओतलं. त्यांनी रक्त तपासलं. रक्त कमी निघालं, एक जीवनसत्त्व तर फारच कमी. "एवढ्यानंही माणूस विसराळू होतो," ते म्हणाले. "तसं असेल तर खाण्यानं आणि इंजेक्शननं बरंच परत येईल. दुसरा विसर म्हातारपणातल्या मेंदूच्या आजाराचा, त्यात गेलेलं परत येत नाही, तो वाढतच जातो. बरीच वर्षं अर्धपोटी काढली की म्हातारपणी त्याचा धोकाही वाढतो, असं मानतात. यांचं कुठलं, ते आज नाही सांगता येणार. तीन महिने नीट खाऊ घाला, मग पाहू."

मायला मी गोंदियाला घेऊन आले. दोन्ही वेळा तिच्यासमोर ठाण मांडून बसायचे, ताट रिकामं होईपर्यंत उठायचे नाही. "पोरगी हायेस का हवालदार?" ती म्हणायची. संध्याकाळी मी तिला पाच प्रश्न विचारायचे. आज वार कोणता, सकाळी कोण आलं होतं, असेच साधे. पहिल्या महिन्यात एखादं उत्तर बरोबर यायचं, दुसऱ्यात तीन-चार. एकदा तिनं आपण होऊन काकींची चौकशी केली, त्यांच्या गुडघ्याचं दुखणं कसं आहे म्हणून. मी स्वयंपाकघरात जाऊन ढसाढसा रडले. मला वाटलं, जिंकलो.

तिसऱ्या महिन्यातल्या एका रविवारी दुपारी आम्ही सोबत जेवलो. डाळ, भात, आंबाडीची भाजी. तिनं दोनदा भात घेतला. ताटं घासून झाली, मी वह्या तपासायला बसले. अर्धा तास झाला असेल, ती येऊन समोर उभी राहिली.

"बाई, मी जेवलीच नाई वो. भूक लागली मले."

माझ्या उभ्या जन्मात मी तिच्या तोंडून भूक हा शब्द ऐकला नव्हता. क्षणभर मला आनंदच झाला. शेवटी खरं बोलली, असं वाटलं. मग लक्षात आलं की ती खरं बोलत नव्हती, आणि खोटंही बोलत नव्हती. नुकतंच जेवलेलं विसरणं हे त्या दुसऱ्या विसराचं लक्षण, हे या तीन महिन्यांत मी वाचून ठेवलं होतं. माझ्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं होतं.

"अगं, आत्ताच..." एवढं बोलून मी थांबले. उठून भात वाढला, वर डाळ घातली. ती मन लावून जेवली. ताट संपल्यावर तिनं ते माझ्यापुढं धरलं आणि म्हणाली, "आनखी घाल."

मी आणखी भात वाढला. डॉक्टरांना फोन दुसऱ्या दिवशी केला.