रातव्याचा पाला

त्या काळात मला राग फार लवकर यायचा. नव्वदीची ती वर्षं, मी कॉलेजात, पत्रकं मीच लिहायचे, आणि उद्गारचिन्हांचा नुसता पाऊस. महाप्याच्या कारखान्यांमागच्या टेकडीवर रान आहे, तिथे जमिनीवर अंडी घालणारे पक्षी आहेत, ते वाचले पाहिजेत, हा आमच्या कॉलेजातल्या गटाचा विषय. गावातल्या बायका सरपणाला येतात आणि घरटी तुडवतात, असं मी ठणकावून छापलं होतं. कुणाला विचारून? कुणालाच नाही.

त्या उन्हाळ्यात वनखात्याचे एक मोठे साहेब रान बघायला येणार होते. त्यांना पटलं, तर अंड्यांच्या दिवसांत तो भाग बंद ठेवणार होते. मग आम्ही काय केलं? श्रमदान! पाहुणे येणार म्हटलं की झाडून काढायचं, हे आमच्या हाडातच. सकाळी सातला सगळे खराटे घेऊन हजर. वाळका पाला गोण्यांत भरला. नऊपर्यंत रान सोसायटीच्या अंगणासारखं चकाचक. वाटेला चुन्याची रेघसुद्धा मारली.

तेवढ्यात खराट्यासमोरचा पाल्याचा एक तुकडा फडफडत उडाला. मी किंचाळले. मागे मोळी घेतलेली एक मावशी उभी होती. गावातलीच. माझ्या पत्रकातली.

"अगो, रातवा हाय तो! पाला कशाला नेतंस?"

"पण मावशी, घरटं कुठाय इथे?"

"रातवा पाल्यान बसतं. खाट लागत नाय त्याला."

खराट्यापासून वीतभर अंतरावर दोन अंडी. पाल्याच्याच रंगाची, फक्त आता पाला नव्हता. तांबड्या मातीवर ती ताटात वाढल्यासारखी दिसत होती, आणि वर फांदीवर कावळा येऊन बसलासुद्धा.

"बघतंस काय? ओत तो पाला! अंड्यांना हात नको. आनि तोंड मिट."

मावशीनं काठी आपटून कावळा हाकलला. आम्ही गोण्या उपड्या केल्या, चुन्याची रेघ पायानं पुसली.

"आयला, कचरा करायला घाम गाळतोय," आमच्यातला एक म्हणाला.

"गप रे, मावशी ओरडतील."

मग तिनं आम्हाला करवंदीच्या जाळीमागे बसवलं. बऱ्याच वेळानं एक वाळकं पान उडत आलं आणि अंड्यांवर बसलं.

अकराला साहेब आले. बूट पाल्यात रुतले.

"अहो, तुम्ही श्रमदान करणार होतात ना?"

"केलं सर. दोनदा."

ते वाट सोडून आत वळले. मावशीनं मोळी त्यांच्यासमोर आडवी टाकली.

"साहेब, तितंच थांबा. घरात बालंतीन हाय."

साहेब एक पाऊल मागे सरले. आवाज आपोआप खाली आला. "बंदच ठेवू हा भाग. पण आहे कुठे?"

मी मोठ्या रुबाबात बोट दाखवलं. मावशीनं ते धरलं आणि हातभर डावीकडे सरकवलं.